बुद्धिबळाच्या दारातली माणसे : नवख्याला आत घेणाऱ्यांचा इतिहास

#धागा

१/
बुद्धिबळाचा इतिहास आपण बहुधा विजेत्यांच्या नावांनी वाचतो. सुलतान खान, मॅन्युएल आरन, आनंद, अलीकडे दिव्या देशमुख. या प्रत्येकाच्या आयुष्यात एक दिवस असा होता की पटासमोर बसलेल्या या माणसाला घोडा कसा चालतो हेही ठाऊक नव्हते. त्या दिवशी समोर कोणीतरी होते. ते कोण होते, आणि ते काम त्यांनी कशासाठी केले? आजचा धागा त्या माणसांविषयी आहे. सुरुवात पेशवाईच्या अखेरीस होईल, मुक्काम सांगलीत पडेल आणि शेवट संगणकाच्या पडद्यावर होईल.

२/
माझे म्हणणे आधीच मांडतो. एखादा खेळ टिकतो तो केवळ त्याच्या सौंदर्यामुळे नव्हे, आणि राजाश्रयामुळे तर मुळीच नव्हे. दर पिढीत काही माणसे स्वतःचा डाव बाजूला ठेवून नवख्याला शेजारी बसवून घेतात, म्हणून तो टिकतो. या कामाला मानधन नसते, पदक नसते, आणि डाव लिहून ठेवतात तशी त्याची नोंदही कोणी ठेवत नाही. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात ते सापडत नाही. परंतु त्याच्या खुणा सापडतात. त्या कुठे शोधायच्या, हे पुढे पाहू.

३/
आधी आमच्या सिंधुदुर्गातले एक उदाहरण. सावंतवाडीची गंजिफा आपण ऐकून असाल. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात १२ पाने, एकूण १२० वर्तुळाकार पाने. ही कला लयाला जात असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, जुन्या चिताऱ्यांकडून ती शिकून पुन्हा उभी केली. आज ती पाने राजवाड्यात रंगवली जातात. पर्यटक ती घेऊन जातात आणि काचेत मांडतात. पण ती पिसून, वाटून डाव मांडणारी माणसे किती उरली आहेत?

४/
म्हणजे वस्तू वाचली, खेळ मात्र जवळजवळ विझला. पाने कशी रंगवायची हे शिकवणारे हात वेळेवर सापडले. पाने कशी खेळायची हे नव्या मुलाला सांगणारी माणसे त्याआधीच घरोघरी कमी होत गेली होती. बुद्धिबळाच्या वाट्याला हे आले नाही. वास्तविक गेल्या दोनशे वर्षांत आपल्याकडच्या बुद्धिबळावर गंजिफेहून मोठे संकट आले होते. त्याचे नियमच बदलले. जुना खेळ जाणणारा प्रत्येक जण एका अर्थाने पुन्हा नवखा झाला. तरीही खेळ तगला. तो कसा?

५/
थोडे मागे जाऊ. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चतुरंगाचे वर्णन आहे. सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या परंतु काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने ‘नीतिमयूख’ लिहिला. त्यातही हा खेळ येतो. दोन्ही ग्रंथ संस्कृतात आहेत आणि दोन्हींत बुद्धिबळ हा राजाच्या विनोदाचा, राजनीतीचा भाग आहे. ज्याच्यासाठी ते लिहिले तो वाचक दरबारातला. बाजारपेठेत दुकान लावणाऱ्या माणसाला पटावर बोलावणे हा त्यांचा हेतू नव्हता.

६/
१८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ लेखन संस्कृतात, छापला तो त्याचा अनुवाद. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकात दोन गोष्टी स्पष्ट म्हटल्या आहेत. पहिली, यातील डावस्थिती युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून दिल्या आहेत. दुसरी, त्यांचा हेतू शिकणाऱ्याची सुधारणा करणे आणि स्मरणशक्तीला व्यायाम देणे हा आहे. शीर्षकातच ‘शिकणारा’ आहे, याची नोंद घ्यावी.

७/
एक भारतीय शास्त्री आपल्या परंपरेतील डावस्थिती परक्यांच्या नियमांत बसवून परक्या शिकाऊंपुढे ठेवतो, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. नवख्याला आत घ्यायचे तर त्याच्या नियमांपासून सुरुवात करावी लागते, हे त्याने ओळखले होते. ‘आमच्याकडे असेच खेळतात, तुला जमत असेल तर बस’ असे तो म्हणत नाही. पुढे दीड शतकाने हेच काम उलट दिशेने करण्याची वेळ आपल्यावर आली. तेव्हा परके नियम आपल्या घरी आले आणि ते आपल्याच माणसांना समजावून द्यावे लागले.

८/
दोन्ही नियमांत फरक तरी कोणता होता? आपल्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट आजच्यासारखा नव्हता. त्याऐवजी राजाला, त्याला शह लागलेला नसेल तर, डावात एकदाच घोड्यासारखी उडी घेता येई. शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे हवा तो मोहरा होत नसे. ज्या मोहऱ्याच्या रांगेत ते पोहोचले, तोच मोहरा ते होई. उंटाच्या रांगेत पोहोचले तर उंट. त्यामुळे डावाची गती संथ, मांडणी दीर्घ आणि शेवट फार नाजूक असे.

९/
जिंकण्याच्याही प्रती होत्या. प्रतिस्पर्ध्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा पाडला तर तो पूर्ण विजय मानत नसत. सर्वांत मानाची मात म्हणजे प्यादेमात, अर्थात प्याद्याने दिलेली मात. मराठीत हा शब्द पटाबाहेर पडून राजकारणाच्या बातम्यांपर्यंत पोहोचला तो या मानामुळेच. शिवाय हे नियम सगळीकडे सारखे नव्हते. प्रांत बदलला, कधी गाव बदलले की एखादा नियम बदले. परगावी गेलेल्या मुरब्बी खेळाडूलाही आधी विचारावे लागे, ‘तुमच्याकडे कसे खेळतात?’

१०/
मौखिक परंपरेचा हा स्वभावच असतो. शिकवणारा भेटला तर खेळ मिळतो, नाही भेटला तर नाही. ही अट सैल करण्याचा एक प्रयत्न पुण्यात झाला. १८९३ साली विनायक राजाराम टोपे यांचे ‘बुद्धिबळक्रीडा’ हे मराठी पुस्तक तिथे प्रसिद्ध झाले. आता मराठी वाचता येणाऱ्या माणसाला नियम समजून घेण्यासाठी संस्कृत येण्याची गरज नव्हती, इंग्रजी येण्याचीही नव्हती. ज्याच्या गावात शिकवणारा नाही, त्याच्याकडे पुस्तक जाऊ शकत होते.

११/
या पुस्तकाचे पुढे काय झाले ते पाहा. एच. जे. आर. मरे या इंग्रज अभ्यासकाने १९१३ साली बुद्धिबळाचा बृहद् इतिहास प्रसिद्ध केला. तो आजही या विषयातला आधारग्रंथ मानतात. भारतातील देशी नियमांची माहिती देताना त्याने ज्या साधनांचा उपयोग केला, त्यांत टोपे यांचे मराठी पुस्तक होते. मराठी शिकाऊंसाठी लिहिलेले साधे मार्गदर्शन वीस वर्षांनी जागतिक इतिहासाचे साधन झाले. प्रारंभिकांसाठी केलेले लेखन क्षुल्लक नसते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

१२/
आता एका नवख्याची गोष्ट. पंजाबातील सुलतान खान देशी पद्धतीने खेळणारा असामान्य खेळाडू. त्याचे आश्रयदाते सर उमर हयात खान यांनी त्याला युरोपीय नियम शिकवण्याची व्यवस्था केली. १९२८ साली तो अखिल भारतीय विजेता झाला आणि १९२९ च्या वसंतात लंडनला पोहोचला. तिथे त्याच्यासाठी एक छोटी सरावस्पर्धा भरवण्यात आली. त्या स्पर्धेत तो तळाशी राहिला. पुस्तकी सुरुवाती त्याला ठाऊक नव्हत्या आणि समोरच्या खेळाडूंना त्या तोंडपाठ होत्या.

१३/
या टप्प्यावर अनेकांच्या गोष्टी संपतात. सुलतान खानाची संपली नाही, कारण त्याला हरवणाऱ्यांपैकी दोघे, विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स, त्याच्यासोबत सरावाला बसले. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती सुलतान खानाने जिंकली. १९३२ आणि १९३३ मध्येही तोच जिंकला. मधल्या काळात हेस्टिंग्जला त्याने माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवले. विंटर आणि येट्स स्वतः नामांकित खेळाडू होते. ज्याला शिकवले तो आपलाच प्रतिस्पर्धी होणार, हे त्यांना नक्कीच कळत होते.

१४/
भारतात नियमांचे हे स्थित्यंतर एका दिवसात झाले नाही. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. राष्ट्रीय स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांची. घरच्या ओसरीवर मात्र देशी डाव अजून चालूच होता. या दोहोंच्या मधल्या जागेत जुन्या खेळाडूला नवे नियम समजावणारी माणसे हवी होती.

१५/
महाराष्ट्रात ही जागा ज्या गावांनी भरून काढली, त्यांत सांगलीचे नाव अग्रभागी आहे. तिथले नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर ही दोन नावे एकत्रच घेतली जातात. भाऊसाहेबांना बुद्धिबळाचे भीष्माचार्य म्हणत. मंडळ दरवर्षी बुद्धिबळ महोत्सव भरवत आले आहे आणि त्यामुळे सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणण्याचा प्रघात पडला. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावच्या. एका जिल्ह्याच्या ठिकाणी हे घडते तेव्हा त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा शिकवण्याचा परिपाठ असतो.

१६/
मंडळ म्हणजे नेमके काय, हे नव्या वाचकासाठी सांगायला हवे. पट आणि सोंगट्या घरीही असतात. मंडळात त्याहून वेगळे असे चार पदार्थ मिळतात. आपल्या ताकदीचा प्रतिस्पर्धी. दुहेरी घड्याळ आणि ते वापरण्याची शिस्त. चाल लिहिण्याची पद्धत, म्हणजे हरलेला डाव पुन्हा मांडता येतो. आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : हरल्यानंतर ‘बस, बघू कुठे चुकले’ असे म्हणणारा माणूस. पहिले तीन पैशाने आणता येतात.

१७/
नवखा खेळ सोडतो तो बहुतेक वेळा हरतो म्हणून नव्हे. आपण का हरलो हे त्याला कळत नाही, आणि ते विचारायचीही त्याला लाज वाटते. बुद्धिबळात दैवाला दोष देता येत नाही. पत्ते वाईट आले, फासा उलटा पडला, असे म्हणण्याची सोय नाही. पराभव थेट बुद्धीवर येतो. म्हणून या खेळाला स्वागत करणाऱ्यांची गरज इतर खेळांपेक्षा अधिक आहे. पराभवानंतरची पाच मिनिटे कोणी सोबत बसले, तर मूल दुसऱ्या दिवशी परत येते.

१८/
पण मंडळाला एक मर्यादा असते, ती भूगोलाची. मी कणकवलीचा. फोंडाघाट चढून कोल्हापूर आणि पुढे सांगली. नकाशावर हे अंतर फार नाही. परंतु शाळकरी मुलाने दर आठवड्याला पटासाठी घाट ओलांडावा, हे शक्य नव्हते. कोकण रेल्वेही पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. खेळाचे केंद्र घाटावर आणि मूल घाटाखाली, अशी स्थिती असली की गुणवत्ता असूनही ती कोणाच्या नजरेस पडत नाही. दार उघडे असते, पण तिथवर पोहोचता येत नाही.

१९/
कधी दार जवळ असते आणि तेच लावलेले असते. हा दुसरा प्रसंग तसा आहे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि वासंती खाडिलकर जिंकल्या. पुढच्या वर्षी त्यांची बहीण जयश्री, त्यापुढच्या वर्षी धाकटी रोहिणी. तिघी ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या कन्या. ‘नवाकाळ’चे संस्थापक नाटककार कृ. प्र. खाडिलकर हे तिघींचे पणजोबा, आणि त्यांचा जन्म सांगलीचा, हा एक योगायोग. घरातच तिघी, म्हणजे सरावाला जोडीदार घरातच.

२०/
१९७६ साली तेरा वर्षांच्या रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. असे करणारी ती पहिली भारतीय मुलगी. त्यावरून वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे, म्हणजे फिडेचे, अध्यक्ष आणि माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. मुंबईतल्या एका मराठी मुलीने खेळू द्या म्हटले आणि जगभरच्या मुलींसाठी नियम स्पष्ट झाला. रोहिणी पुढे १९८१ आणि १९८३ साली आशियाई विजेती झाली.

२१/
या दोन प्रसंगांतून इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक भेद लक्षात ठेवावा. प्रवेशाचा हक्क ही एक गोष्ट आणि प्रत्यक्ष स्वागत ही दुसरी. हक्क नियमाने मिळतो, त्यासाठी न्यायालय लागते, युवेंसारखा अध्यक्ष लागतो. स्वागत नियमाने मिळत नाही. नियम झाल्यानंतरही स्पर्धेच्या दालनात शिरणाऱ्या एकट्या मुलीशी कोण बोलते, सरावाला कोण बसते, हे तिथल्या माणसांवर ठरते. या दोन्ही गोष्टी लागतात, आणि एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

२२/
आता घाट ओलांडण्याचा प्रश्न. तो सोडवणारी गोष्ट १९९२ साली अमेरिकेत सुरू झाली. ‘इंटरनेट चेस सर्व्हर’ नावाची ती व्यवस्था. दोन दूरच्या शहरांतील माणसे संगणकजाळ्यावरून एकमेकांशी प्रत्यक्ष वेळेत डाव खेळू लागली. चित्रे नव्हती. अक्षरे आणि रेघा यांनी पडद्यावर पट उमटे. लवकरच डॅनियल स्लीटर या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने तिची धुरा घेतली. प्रणाली सुधारणारे, वापरणाऱ्यांना सांभाळणारे अनेक जण मात्र स्वेच्छेने, बिनमोल काम करत होते.

२३/
तिथे येणाऱ्या नवख्याची अवस्था कल्पून पाहा. पडदा काळा, त्यावर अक्षरे सरकत आहेत. डावाला आव्हान द्यायचे, ते स्वीकारायचे, चाल करायची, कोणाशी बोलायचे, प्रत्येकासाठी वेगळी आज्ञा टंकित करावी लागे. बुद्धिबळ येत असूनही माणूस इथे निरक्षर ठरे. देशी पद्धतीचा उस्ताद आंतरराष्ट्रीय नियमांपुढे जसा थबकला असेल, तसाच. खेळ तोच होता, पण त्यात शिरण्याची लिपी बदलली होती. आणि पुन्हा एकदा ती लिपी समजावून देणारी माणसे लागली.

२४/
१९९५ च्या मार्चमध्ये या व्यवस्थेचे रूपांतर शुल्क घेणाऱ्या ‘इंटरनेट चेस क्लब’मध्ये झाले. वार्षिक वर्गणी ४९ डॉलर. ज्यांनी फुकट काम करून ही जागा वाढवली होती, त्यांपैकी काहींना हे पटले नाही. त्यांनी त्याच महिन्यात ‘फ्री इंटरनेट चेस सर्व्हर’ उभा केला. दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी : यंत्रे चालवायला पैसा लागतो, आणि शुल्क घेणारा क्लब पुढे अनेक वर्षे मोठमोठ्या खेळाडूंनी गजबजलेला होता. पण मुक्त सर्व्हरवाल्यांचा आग्रह असा की आत येण्याला मोल नसावे.

२५/
मोल नसले तर कामे कोण करणार? या सर्व्हरने त्याचे उत्तर रचनेतच ठेवले. संवादासाठी क्रमांकांच्या वाहिन्या होत्या, त्यांतली पहिलीच वाहिनी मदतीसाठी राखलेली. नाव न नोंदवता पाहुणा म्हणून कोणालाही आत येता येई. कोणत्याही नवख्याने त्या वाहिनीवर प्रश्न टाकावा आणि जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून जागा असलेल्या स्वयंसेवकाने उत्तर द्यावे. काहींच्या नावापुढे तशी खूणही असे, म्हणजे कोणाला विचारायचे हे नवख्याला कळे.

२६/
त्याच मंडळींच्या भोवती ‘टीचिंग लॅडर’ नावाचा स्वयंसेवी उपक्रम उभा राहिला. आपला डाव पाठवायचा, आपल्याहून वरच्या ताकदीचा खेळाडू त्यावर टिपणे लिहून परत पाठवणार, शुल्क काही नाही. शिडीची कल्पना मला विशेष आवडते. शिकवायला ग्रँडमास्टर असण्याची गरज नाही. ज्याला काल कळले त्याने आज दुसऱ्याला सांगावे. मंडळातले ‘बस, बघू कुठे चुकले’ हे वाक्य इथे लेखी स्वरूपात आले आणि घाट, समुद्र, सीमा ओलांडून गेले.

२७/
भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. आरंभी ते महानगरांपुरते, महाग आणि मंद. लहान गावांपर्यंत ते पोहोचायला पुढची बरीच वर्षे गेली. २०१० साली थिबो द्युप्लेसी या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने ‘लिचेस’ सुरू केले. जाहिरात नाही, शुल्क नाही, देणग्यांवर चालते. त्याच्या पडद्यावरचे शब्द स्वयंसेवकांनी अनेक भाषांत नेले आहेत आणि त्यांत मराठीही आहे. टोप्यांनी १८९३ साली छापखान्यातून जे केले, तेच आता कोणी अनाम मराठी माणसे रात्री घरी बसून करत आहेत.

२८/
२०२० च्या टाळेबंदीत लोंढा आला. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी आणि विनोदकार समय रैना यांच्या थेट प्रक्षेपणांमुळे ज्यांनी कधी पट हाती धरला नव्हता ते लोक बुद्धिबळ पाहू लागले. एक ग्रँडमास्टर हसतखेळत नवख्यांच्या चुकांवर बोलतो, हे दृश्यच नवे होते. त्याच वर्षी ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये विदितच्या नेतृत्वाखाली भारत आणि रशिया संयुक्त विजेते ठरले. अंतिम लढतीत जोडणी तुटल्याने दोन भारतीयांचे डाव वेळेवर गेले. त्यांतील एक नागपूरची किशोरवयीन दिव्या देशमुख.

२९/
तीच दिव्या २०२५ च्या जुलैमध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. पण हा धागा विजेत्यांचा नाही, म्हणून लोंढ्याकडे परत येऊ. गर्दी येणे आणि गर्दीचे स्वागत होणे यांत अंतर आहे. एका कळीवर प्रतिस्पर्धी मिळतो, तो हरवतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. संगणक चूक लाल रंगात दाखवतो. ती चूक माणसाने का केली असेल, हे मात्र त्याला सांगता येत नाही. नवखा दहा डाव हरतो आणि पडदा मिटतो. त्याला थांबवणारे कोणी नसते.

३०/
म्हणून ऑनलाइन गटांतही तीच जुनी कामे कोणीतरी करत असावे लागते. आलेल्याला नावाने विचारणे. त्याच्या ताकदीचा जोडीदार गाठून देणे. हरल्यावर एक चाल, एकच, समजावणे. ‘एवढेही कळत नाही?’ असे लिहिणाऱ्याला थोपवणे. नवखा अचानक चांगला खेळला तर त्याच्यावर लबाडीचा आरोप करण्यापूर्वी थांबणे. यांतले काहीही यंत्रावर सोपवता येत नाही. विंटर आणि येट्स यांनी १९२९ मध्ये केले त्याहून हे वेगळे नाही.

३१/
आता आरंभीचा प्रश्न : या माणसांचा इतिहास लिहायचा कशावरून? डावांच्या नोंदी उपयोगाच्या नाहीत, कारण त्यांत फक्त खेळणारे असतात. त्याऐवजी प्रारंभिकांसाठीची पुस्तके पाहावीत, १८१४ चे किंवा १८९३ चे. मंडळांची हजेरीपुस्तके, स्पर्धांच्या पत्रिका, स्मरणिका पाहाव्यात. संगणकयुगासाठी मदतीची जुनी पाने पाहावीत. ‘नव्याने आलेल्यांसाठी’ असे जिथे लिहिलेले आढळेल, तिथे हा इतिहास आहे. अशी कागदपत्रे रद्दीत सर्वांत आधी जातात. संकेतस्थळे बंद पडली की डिजिटल पानेही जातात, कागदापेक्षा लवकर.

३२/
गंजिफेची पाने कोणीतरी वेळेत उचलली, म्हणून ती आज आपल्यासमोर आहेत. तिचे शिकवणारे मात्र कोणी नोंदवले नाहीत. बुद्धिबळाच्या बाबतीत आपल्याला अजून संधी आहे. भाऊसाहेबांसारखी नावे सर्वांना माहीत झाली, पण प्रत्येक तालुक्यात एखादे वाचनालय, एखादी ओसरी, एखादे दुकान असे असतेच की जिथे संध्याकाळी पट मांडला जाई आणि येणाऱ्या मुलाला जागा करून दिली जाई. त्या जागेचे नाव, वर्ष, तिथे कोणते नियम चालत, हे वयस्कर माणसे आहेत तोवर विचारून घेता येईल.

३३/
या धाग्याखाली आपल्या गावातील अशा जागांविषयी जरूर लिहा. व्यक्ती हयात आणि खासगी असेल तर तिचे नाव तिच्या संमतीशिवाय देऊ नका. जागा, काळ आणि नियम लिहिले तरी पुरे. ‘आमच्याकडे राजाला घोड्याची उडी होती’ एवढी एक ओळही इतिहासाचे साधन आहे. आणि आपण स्वतः कुठल्या गटात खेळत असाल, तर आज आलेल्या एखाद्या नवख्याबरोबर एक डाव खेळा, आणि डावानंतर पाच मिनिटे थांबा.

धागा समाप्त.